गळ्यात बांधलेला शब्द

माझं नक्की वय मला सांगता येत नाही, मित्रांनो. मी एक म्हातारा शब्द आहे, एवढं धरून चाला. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगरांत माझं आयुष्य गेलं. माझं नाव एंजैतादो. मुलीच्या किंवा मेंढीच्या अंगावर बसलो की एंजैतादा.

शाळेत मला विशेषण म्हणतात. विशेषणाचं जिणं परावलंबी. स्वतःचं अंग नाही, घर नाही. कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसायचं आणि तो कसा आहे हे जगाला ओरडून सांगायचं. माझे काही भाऊबंद नशीबवान निघाले. ‘गोड’ संत्र्यावर बसतो, ‘उबदार’ घोंगडीवर. माझ्या वाट्याला आला तो अर्थ असा: टाकलेला. ज्याचा होता त्यानेच नको म्हटलेला.

माझे पूर्वज रोमहून सैनिकांच्या तोंडून इकडे आले. ‘बाहेर फेकणं’ एवढाच त्यांचा साधा अर्थ होता. समुद्र लाटेबरोबर जे किनाऱ्यावर टाकून देतो, ओंडका असो की मोडकं वल्हं, ते सगळं त्यांच्यात बसे. पुढे सैनिक गेले आणि मला मेंढपाळांनी पाळलं. जत्रेत घेतलेला बैल घरी नेल्यावर लंगडा निघाला, की विकणाऱ्याच्या दारात परत आणून बांधत. तो बैल एंजैतादो. माणसाचा हात लागला म्हणून ज्या घरट्याकडे पक्षीण पुन्हा फिरकत नाही, ते घरटं एंजैतादो. जुळ्यातल्या ज्या कोकराला मेंढी डोक्याने ढकलून बाजूला सारते, ते कोकरूही. ही कामं मी मुकाट केली. बैलाला त्याचं वाईट वाटतं असं निदान माझ्या तरी कानावर आलं नाही.

मग माणसांनी मला माणसांच्या पोरांवर बसवलं.

नगरात एक घर होतं. त्याच्या भिंतीत लाकडाचं एक उभं पिंप बसवलेलं होतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरून आलेल्या बाईने त्यात पोर ठेवायचं, दोरी ओढून घंटा वाजवायची, पिंप फिरवायचं आणि मागे न बघता निघून जायचं. आतली बाई पोर उचलून घेई. कुणी कुणाचं तोंड पाहत नसे. पोराच्या गळ्यात आकडा कोरलेलं शिसं बांधत. दोरीची गाठ अशी, की कापल्याशिवाय डोक्यावरून निघू नये. आणि एका जाड वहीत आकड्यापुढे मला लिहीत. पानंच्या पानं. एवढं काम मला जन्मात नव्हतं. गहू चांगला पिकलेल्या वर्षी कमी, दुष्काळाच्या वर्षी जास्त.

त्या वहीतल्या एका ओळीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. कारण त्या ओळीत मी खोटा आहे.

वरच्या खोऱ्यात उर्झेडा नावाचं दगडी घरांचं गाव होतं. तिथे झुल्मिरा नावाची एक तरुण बाई राहत होती. तिचा नवरा शरदात चेस्टनट झोडपताना झाडावरून पडून गेला. ती तेव्हा पोटुशी होती. हिवाळ्यात मुलगी झाली. तिचं नाव ब्रिझिदा. घरात झुल्मिरा, तिची सासू दोरोतेया, सात मेंढ्या आणि भाकरीच्या पेटीत उरलेलं थोडंसं काळं पीठ.

दोरोतेया हिशेबी बाई होती. एकदा चुलीपुढे बसून तिने सुनेला सांगितलं, “पोरी, ऐकून घे, मग रड. नगरातल्या घराला दाया कमी पडतात. पाजायला पोर घरी नेणाऱ्या बाईला दर महिन्याला मजुरी देतात. वर दुपटी, पांघरूण.”

“मग मी आणखी एक पोर आणू? एकीलाच पुरत नाही माझं.”

“आणखी एक नाही गं, वेडाबाई. हीच. आधी ठेवून यायची, मग दाई म्हणून जायचं आणि हीच परत आणायची. आपलीच पोर, आपलंच दूध, वर त्यांची भाकरी.”

“आणि दुसरीच दिली तर?”

“तू दारात उभी राहिलीस की तुझ्याच पदरात येईल. तेवढ्यात दुसरी कोण येणार? खूण बांधू हाताला. तू लांबूनही ओळखशील.”

झुल्मिराने तीन दिवस नाही म्हटलं. चौथ्या दिवशी पीठ संपलं.

खुणेची दोरी दोरोतेयाने स्वतः विणली. काळी आणि पांढरी लोकर, चार पदरी, मध्ये उलटा पीळ. त्या खोऱ्यातल्या बायका कमरेचे पट्टे जसे विणतात तशीच. तिला दुसरी वीण येतच नव्हती. ती दोरी तिने नातीच्या डाव्या मनगटाला दोनदा गुंडाळून बांधली, चिमुकल्या मुठीचा मुका घेतला आणि म्हणाली, “दोन दिवस गं, राणी. दोनच दिवस.”

बाजाराच्या दिवशी भर दुपारी, सगळं नगर जनावरांच्या सौद्यात असताना, झुल्मिराने लेकीला पोटभर पाजलं. ढेकर येईपर्यंत खांद्यावर घेतलं. मग पिंपात ठेवलं. घंटा वाजली, पिंप फिरलं, आणि आत कुणीतरी लेखणी शाईत बुडवली. एंजैतादा. मी त्या मुलीवर बसलो. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध अजून ओलं होतं.

मित्रांनो, मी कितीतरी पोरांवर बसलो आहे. पण त्या दिवशी मी बसलो आणि मला खाली काही सापडेना. टाकलेपणाचा एक गार वास असतो, तो मी ओळखतो. ही पोर उबदार होती.

झुल्मिरा दोन रात्री एका गोठ्यात राहिली. भरून आलेलं दूध ती गवतात पिळून टाकी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिंपाच्या त्या घराच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

दार उघडलं ते पेरपेतुआने. पिंपाची राखण करणारी, रुंद खांद्यांची, घाईत बोलणारी बाई. तिच्या एका हातावर पोर होतं, दुसऱ्या हातात पेजेची वाटी.

“दाई का? ये, ये. कुठली?”

“उर्झेडाची.”

“वरच्या खोऱ्यातली. बरं. स्वतःचं पोर?”

झुल्मिराने घरी घोकून आणलेलं उत्तर दिलं. “गेलं.”

“देव त्याला जवळ करो. दूध दाखव.”

तिने वाटी खाली ठेवून झुल्मिराच्या दुधाचा एक थेंब आपल्या अंगठ्याच्या नखावर घेतला आणि नख तिरकं केलं. थेंब लगेच ओघळला नाही. पेरपेतुआ खूश झाली. “चांगलं आहे, दाट आहे. आमच्याकडे येतात त्यातल्या निम्म्या बायकांचं नुसतं पाणी.”

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत एक पोर रडू लागलं.

तुमच्यापैकी ज्यांनी अजून कुणाला पाजलं नाही, त्यांना हे कसं सांगू? दहा पोरं रडत असली तरी आईच्या अंगाला त्यातलं एकच ऐकू येतं. झुल्मिराच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले.

“बघा!” पेरपेतुआ हसली. “हिला म्हणतात दाई. परक्याच्या पोराने हाक मारली तरी पान्हा फुटला.”

“ते... ते रडतंय ते,” झुल्मिरा म्हणाली, “तेच द्या मला.”

“ते नाही मिळायचं. ते तुमच्याकडचंच आहे. हाताला दोरी आहे ना, काळी-पांढरी, ती तुमच्या वरच्या खोऱ्याची वीण. मला का कळत नाही? वरचं पोर वर द्यायचं नाही, खालचं खाली द्यायचं नाही, असा नियमच केलाय आता. बायका फार शहाण्या झाल्यात. मागच्या महिन्यात एक आली होती, स्वतःचंच पोर दाई म्हणून न्यायला. सापडली. ती कोठडीत बसलीय आणि पोर इथेच राहिलं. त्यापेक्षा मुकाट...” तिने हातातलं पोर पुढे केलं. “ही घे. ही समुद्राकडच्या बाजूची. किटेरिया नाव ठेवलंय. मूठभर आहे, पण चिवट आहे.”

एक वाक्य. झुल्मिराच्या जिभेवर एकच वाक्य होतं. मी तेव्हा वहीत होतो, शिशाजवळ होतो, तिच्या श्वासाच्या अंतरावर होतो. मी वाट पाहिली. कोठडीत तिला कोण भाकर देईल? सासूचं काय होईल? आणि पोर तर तरीही इथेच राहील. पलीकडचं रडणं थांबलं. झुल्मिराने हात पुढे केले.

“पुढच्या आठवड्यात पुन्हा येते,” असं काहीतरी ती पुटपुटली.

“तीन महिन्यांनी ये. पोर दाखवायला. जिवंत आण म्हणजे झालं.”

उर्झेडात दोरोतेयाने चूल पेटती ठेवली होती. सून दारात दिसताच ती धावली, शालीचं टोक बाजूला केलं आणि तशीच थांबली.

“ही आपली नाही.”

“नाही.”

“दोरी होती ना! मी घट्ट बांधली होती.”

“दोरीनेच घात केला, आई. वीण ओळखली त्यांनी.”

दोरोतेया चुलीपुढे बसली आणि आपले हात उलटेसुलटे करून पाहत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

त्यानंतरचे दिवस सांगताना माझीच अक्षरं जड होतात. झुल्मिरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दूध भरून आलं की चुलीच्या राखेत पिळून टाकी. किटेरियाला ती हात लावीना. दोरोतेया फडक्याचं टोक शेजारच्या शेळीच्या दुधात बुडवून तिच्या तोंडात देई. पोर चोखे, ओके, पुन्हा चोखे. रडणं मांजरीच्या पिलासारखं झालं, मग तेही कमी झालं. मी तिच्या गळ्यातल्या शिशाला बिलगून होतो. इथे मात्र मी खरा ठरत होतो. एकदा टाकलेली, आता दुसऱ्यांदा.

त्याच आठवड्यात त्यांच्या कळपातल्या एका मेंढीला जुळं झालं आणि तिने एक कोकरू ढकलून दिलं. दुसऱ्या मेंढीचं मेलं. अशा वेळी त्या डोंगरांत जे करतात तेच दोरोतेयाने केलं. मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांना भोकं ठेवली आणि टाकलेल्या कोकराला अंगरख्यासारखं चढवलं. पोर गेलेली मेंढी आली. हुंगलं. दोन पावलं मागे गेली, पुन्हा हुंगलं. मग मागचे पाय जरा फाकवून उभी राहिली. कोकरू शेपटी हलवत लुचू लागलं.

दोरोतेयाने हात धुतले. घरात आली. पेटीच्या तळाशी ब्रिझिदाचं एक झबलं होतं, न धुतलेलं, गळ्याशी वाळलेल्या दुधाने कडक झालेलं. ते तिने किटेरियाला घातलं आणि पोर नेऊन सुनेच्या छातीशी ठेवलं.

झुल्मिरा ताडकन उठून बसली. “काढा ते! काढा म्हणते ना!”

“नाही काढणार.”

“मी काय मेंढी आहे?”

“मेंढी बरी. ती पाजते तरी.”

“तुमच्यामुळे झालं हे सगळं. तुमच्या दोरीने!”

“माझ्यामुळेच झालं,” दोरोतेया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “देव मला विचारेल तेव्हा मी सांगेन. पण आत्ता माझं ऐक. कुठल्यातरी गावात एक बाई आपल्या ब्रिझिदाला मांडीवर घेऊन बसली असेल. परक्याची पोर. तिलाही नको वाटत असेल. तू हिला घे, झुल्मिरे. तू हिला घेतलंस तर तीही तिला घेईल.”

किटेरियाचं तोंड झबल्याच्या गळ्यात हलत होतं, वाळलेलं दूध चाटत होतं. झुल्मिराने वास घेतला. डोळे मिटले. मग चोळीची गाठ सोडली.

त्या दिवसापासून तिने त्या पोरीला पाजलं, पण उगीच नाही. प्रत्येक वेळी जवळ घेताना ती पुटपुटे, “हिला मी, तिला ती.” जणू दूरच्या त्या बाईशी तिने सौदा केला होता आणि आपल्या बाजूने एक थेंबही कमी पडू द्यायचा नव्हता. पोरीचे गाल भरले. शिसं पूर्वी छातीवर आपटे, ते आता गळ्याच्या वळीत रुतू लागलं. दोरोतेया कधी विनोद करी, “मूठभर म्हणे! ही तर मेंढीसकट कोकरू खाईल.” झुल्मिराला हसू आलं की लगेच ती दुसरीकडे बघे.

तीन महिन्यांनी ती पोर दाखवायला नगरात गेली. पेरपेतुआने किटेरियाला उचलून पाहिलं, मांड्या चिमटल्या. “वा गं माझी गोणी! बाई, तुझ्या दुधाला तोड नाही.”

झुल्मिराने वाटभर जपून आणलेला प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारला. “आणि ती दुसरी? माझ्या वेळची, दोरीवाली? ती कुठल्या गावाला दिली?”

“ती होय,” पेरपेतुआ पानं उलटत म्हणाली. “ती कुठे गेलीच नाही. खालच्या गावांतून दाईच आली नाही त्या आठवड्यात. शेवटची आलेली तूच. पेजेवर किती दिवस निघतात? तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी...” तिने बोट ओळीवर ठेवलं. “गेली. घाईत बाप्तिस्म्याचं चार थेंब पाणी शिंपडलं पाद्रीबाबांनी. आणि पुरली.” नाव लिहायचं राहूनच गेलं होतं; त्या ओळीत नुसता मी होतो.

झुल्मिरा उभी होती. किटेरिया तिचा कान ओढत होती. कुठलीच दूरची बाई नव्हती. सौदा करायला समोर कुणी नव्हतंच. ज्या दिवशी पोरीला झबलं चढवलं, त्या दिवशी झबल्याची मालकीण मातीखाली होती.

पेरपेतुआने वर पाहिलं. मग तिची नजर झुल्मिराच्या कमरेवर गेली. तिथे पट्टा होता. काळा-पांढरा, चार पदरी, मध्ये उलटा पीळ.

पेरपेतुआने पुन्हा वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. मग तिने वहीच्या पानाला टाचलेली दोरी सोडवली आणि झुल्मिराच्या मुठीत कोंबली. “ने ही. इथे उंदीर खातील.” आणि आवाज खाली आणून म्हणाली, “त्या दिवशी बोलली का नाहीस गं, माझे बाई?”

“तुम्ही कोठडीचं सांगितलंत.”

पेरपेतुआने वही तिच्यापुढे सरकवली.

“कुठली ओळ?” झुल्मिराने विचारलं. “मला वाचता येत नाही. मला दाखवा, ती कुठे आहे.”

पेरपेतुआने तिचं बोट धरून माझ्यावर ठेवलं.

मित्रांनो, शब्दाला स्पर्श कळतो का, असं तुम्ही विचाराल. शाईला कळतो. मेंढीच्या लोकरीने तेलकट झालेलं, थंडीने चिरलेलं ते बोट होतं. तिला वाटलं, तिथे तिच्या लेकीचं नाव आहे. तिथे मी होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, मी ती नाही, मी तिच्यावर टाकलेला खोटा आळ आहे. पण शब्द स्वतःहून बोलत नाहीत. कुणीतरी वाचावं लागतं, आणि पेरपेतुआने वाचलं नाही. “ब्रिझिदा,” झुल्मिरा म्हणाली, आणि तिने मला एकदा कुरवाळलं.

ती दर तीन महिन्यांनी येत राहिली. पोर दाखवायची आणि न मागता पेरपेतुआ ते पान उघडून द्यायची. दर वेळी तेच बोट. तोच एक शब्द.

सात वर्षं झाली की नगरातल्या घराने दिलेली मुदत संपे. मग पोर परत द्यायचं, त्याला कुणाकडे तरी कामाला लावत, नाहीतर दाईने ते कायमचं ठेवून घ्यायचं. किटेरिया सात वर्षांची झाली तेव्हा दोरोतेया गेली होती आणि मेंढ्या चारच उरल्या होत्या. लोक झुल्मिराला सांगत, “मजुरी बंद होईल आता. देऊन टाक.” ती मेंढ्या हाकत पुढे जाई.

नगरात पाद्रीबाबांनी लेखणी उचलली. “काय करायचं, बाई? परत?”

“गाठ कापा,” झुल्मिरा म्हणाली.

पेरपेतुआने कात्री आणली. तिने गाठीत पातं घातलं. दोरी तुटली, शिसं टेबलावर पडलं. किटेरियाने मान चोळली. तिच्या गळ्याभोवती एक पांढरी रेघ राहिली होती.

“नाव किटेरिया. पुढे एंजैतादा, पद्धतीप्रमाणे,” पाद्रीबाबा लिहू लागले.

“पुढे माझ्या घराचं लिहा. ते दुसरं खोडा.”

“आई,” किटेरियाने विचारलं, “एंजैतादा म्हणजे काय?”

झुल्मिराने मला तोवर ऐकलं होतं ते मेंढ्यांच्या संदर्भात, आणि गावातल्या पोरांनी किटेरियावर फेकलेल्या शिवीत. ब्रिझिदाच्या ओळीत मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती लेकीच्या गळ्यावरची रेघ अंगठ्याने चोळत म्हणाली, “काही नाही गं. एक शब्द आहे. तुझ्या मापाचा नव्हता.”

पाद्रीबाबांनी माझ्यावर आडवी रेघ मारली. तेवढी हलकी वाटलेली दुसरी घडी माझ्या आयुष्यात नाही. त्या दोघी हात धरून पायऱ्या उतरून गेल्या. जाण्याआधी जुनं पान उघडायला झुल्मिरा विसरली नाही.

आता ते पिंप नाही. भिंतीत दगड बसवलेत. मलाही आता फारसं कुणी बोलावत नाही. कधी एखाद्या घरट्यासाठी, कधी एखाद्या कोकरासाठी. वही मात्र काचेच्या कपाटात आहे. मधूनमधून पांढरे हातमोजे घातलेली माणसं येतात, भिंग लावतात आणि एका ओळीपाशी अडखळतात. ‘डाव्या मनगटाला काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी’ हे स्पष्ट वाचता येतं. त्याच्या आधीचा शब्द मात्र पुसट, तेलकट, जवळजवळ गेलेला. “ओल लागली असणार,” ते म्हणतात. “यावर काहीतरी उपाय करून अक्षर वर आणायला हवं.”

माझ्यासारखे म्हातारे शेवटी एवढंच मागतात की आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. माझं मागणं उलटं आहे, मित्रांनो. तुम्ही कधी त्या कपाटापाशी आलात, तर मला उजळू नका. आणि कुणाच्या गळ्यात माझ्यासारखा शब्द बांधायची वेळ आली, तर आधी त्याच्या ओठाचा कोपरा बघा, दूध ओलं आहे का.

त्या ओळीतून मला खोडायला कुणी आलं नाही. एक बाई बोटाने मला घासत राहिली, सात वर्षं, लेकीचा गाल समजून. थोडाच उरलो आहे. तेवढाही जाऊ द्या.